बाकाबाईच्या हातातला दिवा: एका कादंबरीची मालिका होताना

नागपुरात महाल या जुन्या भागात उभं राहून भोसल्यांचा राजवाडा कुठे म्हणून विचारलं, तर लोक नगारखान्याकडे बोट दाखवतात. वाडा १८६४ च्या आगीत गेला, नगारखाना तेवढा उरला. ज्या कादंबरीबद्दल हे टिपण आहे, तिची शेवटची वीस पानं या आगीची आहेत, आणि मालिका चालू असताना सगळ्यात जास्त भांडणं त्या वीस पानांवरूनच झाली. मी त्या मालिकेचा संवादलेखक. नागपूरचा म्हणून बोलावलेला, म्हणजे ‘तिकडची भाषा न् इतिहास बघून घेईल’ असा माणूस. कादंबरीचं, चॅनलचं आणि निर्मात्यांचं नाव इथे देत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

कादंबरी चारशे पानांची. लेखक आता हयात नाहीत. विदर्भातल्या वाचनालयांत तिची धड प्रत क्वचित मिळते. पुठ्ठा दोनदा बदललेला, मधली पानं चिकटपट्टीने धरलेली. कथा सांगतो तो राजवाड्यातल्या जामदारखान्याचा, म्हणजे खजिना-मौल्यवान वस्तूंच्या कोठीचा कारकून. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले. मुलगा नाही, दत्तकही घेतलेला नाही. २८ जानेवारी १८५४ ला गव्हर्नर जनरल डलहौसीने कलकत्त्यात बसून राज्य खालसा करण्याचं टिपण लिहिलं. मधल्या सात आठवड्यांत नागपुरात काय झालं? खरं तर काहीच नाही. लोक वाट बघत होते. कादंबरीची पहिली दीडशे पानं ही वाट बघण्याची आहेत. पुढे इंग्रज वाड्यातल्या वस्तूंची मोजदाद लावतात आणि हाच कारकून मोडीत यादी लिहायला बसतो. शालजोडी, काश्मिरी, कसर लागलेली, एक. अशा ओळींच्या आडून तो राज्य कसं गेलं ते सांगत जातो. कुठे ओरडत नाही, रडतही नाही. वाचणाऱ्याच्या घशाशी मात्र काहीतरी येतं.

आता बाकाबाई. दुसऱ्या रघुजींची राणी. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेबांचं राज्य गेलं, दुसऱ्या रघुजींचा लहानगा नातू गादीवर बसवला गेला आणि रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, जेंकिन्स याच्या देखरेखीखाली त्याची पालक म्हणून बाकाबाई उभी राहिली. १८५४ मध्ये ती चांगलीच म्हातारी होती. कादंबरीत ती मोजून नऊ ठिकाणी येते आणि दर वेळी चिकाच्या पडद्याआडूनच बोलते.

तिच्याबद्दल दोन गोष्टी लिहून ठेवलेल्या सापडतात. जॉन के या इंग्रज इतिहासकाराने १८५७ च्या उठावाचा इतिहास लिहिला, त्यात नोंद आहे की वाड्यातलं सामान हलवलंत तर वाडाच पेटवून देईन, अशी धमकी या म्हाताऱ्या राणीने दिल्याचं सांगतात. सामान तरीही हललं. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेलं. दुसरी गोष्ट तीनच वर्षांनंतरची. १८५७ मध्ये हीच बाई इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली, आपल्या माणसांना उठावापासून आवरून धरलं. नागपूरच्या लक्षात राहिली ती ही दुसरी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे मिरवत नेऊन जाळायचा बाईचा पुतळा, निघते ती बाकाबाईचीच, असं आमच्याकडे लहान पोरालाही सांगतात. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत अख्खं शहर तिला दरवर्षी शिवेबाहेर घालवतं.

धमकी आणि मदत यांच्या मधे त्या बाईच्या मनात काय झालं, हा कादंबरीचा प्रश्न. लेखकाने उत्तर दिलेलं नाही. रोज अर्ध्या तासाची मालिका या प्रश्नाचं काय करते, हे खरं प्रकरण आहे.

हक्कांपासून सुरू करतो, कारण गाठ तिथेच पडली. हक्क लेखकाच्या मुलीकडे. धंतोलीत राहतात, निवृत्त शिक्षिका. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणायचो, निर्मातेसुद्धा. आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखक गेल्यावरही साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. हस्तांतराचा करार केला आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळं लिहिलं नसेल तिथे ते हस्तांतर आपोआप रद्द होतं. कलम १९ चं हे पोटकलम ताईंना पाठ होतं, कारण आधी एकदा एका निर्मात्याने कादंबरी घेऊन नुसती कपाटात ठेवली होती. या वेळच्या करारात ‘वेगळं’ व्यवस्थित लिहून आलं, पाच वर्षांचं.

ताईंची अट एकच होती. बाकाबाईच्या तोंडी कादंबरीत नसलेलं वाक्य घालायचं असेल, तर आधी त्यांना दाखवायचं. निर्मात्यांच्या वकिलाने त्याचं ‘वारसांचा सल्ला घेतला जाईल’ असं केलं. ताईंनी सही केली. सल्ला घेणं आणि ऐकणं यात केवढं अंतर असतं, हे शिक्षिकेला सांगायला नको होतं. पण बाबांची कादंबरी घराघरांत जाणार या आनंदात ते सुटलं. मीही तेव्हा बोललो नाही. मला काम हवं होतं.

कायद्यात लेखकाला आणखी एक आधार आहे, कलम ५७. ‘आपका बंटी’ या कादंबरीवर निघालेल्या चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये स्पष्ट केलं की हक्क विकले तरी कृतीची मोडतोड अडवण्याचा लेखकाचा अधिकार करारामुळे संपत नाही. त्याच निकालात हेही होतं की माध्यम बदललं की काही बदल होणारच. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आम्ही पुढे राहायला गेलो.

रोजच्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. आठवड्याला सहा भाग, एका भागात बावीस मिनिटांचा मजकूर. पटकथा दुपारी येते, संवाद रात्री जातात, सकाळी सातला फ्लोअरवर नटाच्या हातात कागद असतो. आम्ही वीस भागांची बँक, म्हणजे आधीच तयार भागांचा साठा, करून सुरुवात केली होती. दीड महिन्यात ती संपली आणि मी आदल्या रात्री लिहायला लागलो. चॅनलने मागितले होते २६० भाग. कादंबरीतल्या घटना ओढूनताणून साठ भागांत संपत होत्या. ‘स्वामी’ची आठवण पहिल्या बैठकीत निघतेच, तशी निघाली. रणजित देसाईंची कादंबरी, दूरदर्शनवरची मालिका, रवींद्र मंकणी. त्या माधवरावांच्या गोष्टीत आमचे भोसले बहुतेक पलीकडच्या बाजूला असतात, हे तिथे फक्त मला खटकत होतं. पण त्या मालिकेला दररोज उद्याची उत्सुकता लावायची नव्हती. आम्हाला होती.

उत्सुकता लावायला खलनायक लागतो. पहिला वन-लायनर, म्हणजे कथेचा थोडक्यात आराखडा, माझ्याकडे आला त्यात लिहिलं होतं: ‘बाकाबाई - सत्तेची हाव, इंग्रजांशी छुपी हातमिळवणी, नायिकेच्या सुखात काटा.’ नायिका म्हणजे कारकुनाची बायको. कादंबरीत ती राणीच्या खासगीत चाकरीला आहे आणि बरीचशी गप्पच असते. चॅनलच्या क्रिएटिव्ह हेडचा मुद्दा अगदीच चूक नव्हता, हे आज कबूल करतो. ते म्हणाले, “तुमच्या शहराने या बाईला दीडशे वर्षं खलनायिका केलीच आहे. मी वेगळं काय करतोय?” मला लगेच उत्तर सुचलं नाही. मुंबईहून परतताना दुरांतो गाडीत वर्ध्याच्या आसपास सुचलं. मारबत वर्षातून एक दिवस निघते, आणि तिच्या बरोबर लोक खोकला, महागाई, पुढारी सगळंच घालवतात. मारबत म्हणजे घडलेल्या गोष्टीचा अर्थ नव्हे, राग काढायची जागा. आठवड्यात सहा दिवस तिची मिरवणूक काढली तर राग टिकतो, बाई उरत नाही.

मग आम्ही मधला रस्ता काढला, आणि माझ्या मते मालिकेत जे काही बरं झालं ते यातूनच. यादी हाच सांगाडा धरला. दर आठवड्याला यादीतली एक वस्तू. सोमवारी ती वस्तू कारकुनापुढे येते, आठवडाभर तिच्या निमित्ताने घरातली, वाड्यातली माणसं उलगडतात आणि शनिवारी ती यादीत चढते. घोड्याचं जीन, पाळणा, गंजिफांचा डबा. पाळण्याच्या आठवड्यात वारस नसण्याची गोष्ट कुणालाही तोंडाने सांगावी लागली नाही. वाट बघणं दाखवता येत नाही असं सगळे म्हणत होते. रिकाम्या होत जाणाऱ्या दालनात ते आपोआप दिसायला लागलं. सेटवरचं सामान खरंच दर शनिवारी कमी करायचं, ही कल्पना कलादिग्दर्शकाची. निर्मात्यांना ती फार आवडली, अर्थातच भाड्याच्या हिशेबासाठी.

वाडा गोरेगावच्या फिल्मसिटीत उभा राहिला, आणि तो नागपूरचा नव्हताच. आधीच्या एका पेशवाई मालिकेतल्या कमानी रंगवून घेतल्या होत्या. महालातल्या जुन्या वाड्यांतलं काळपट, दाट कोरलेलं लाकूडकाम तिथे कुठून येणार? नगारखान्यासाठी दोन दिवस नागपुरात चित्रीकरण झालं, ते मे महिन्यात. पंचेचाळीस अंशांत डिसेंबरच्या रात्रीसाठी शालीत गुंडाळलेली माणसं. वरच्या विजेच्या तारा संगणकावर पुसल्या. खाली एका पानठेल्यावाल्याने मला विचारलं, “कोन व्हय जी ते म्हातारी?” मी म्हटलं, बाकाबाई. “मंग ते तं मारबत व्हय नं!” म्हणून तो मजेत पान लावत राहिला. हे मी मुंबईत सांगितलं नाही.

वेशभूषेच्या आणि वस्तूंच्या चुका पुष्कळ निस्तरल्या, त्यांतल्या दोनच सांगतो. नायिकेला भडक जांभळं लुगडं दिलं होतं. तसा रासायनिक रंग जगातच पहिल्यांदा सापडला १८५६ मध्ये. ते बदलून उमरेडची रेशीमकाठी सुती लुगडी आणली, आणि कॅमेऱ्यात तीच जास्त देखणी दिसली. दुसरी चूक प्रोमोतली: राणी संत्र्याच्या बागेत फिरते! नागपूर म्हटलं की संत्रं आलंच. पण संत्र्याची कलमं भोसल्यांनी औरंगाबादेहून आणून इथे लावली ती १८९० च्या दशकात. बाग गेली. “मग नागपूर कळणार कसं?” असं विचारलं गेलं. माझं उत्तर होतं, बोलण्यातून.

आणि खरी लढाई तिथे होती. चॅनलचा अलिखित नियम असा की नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात, बोली येते ती नोकराच्या, नाहीतर हसवणाऱ्या आत्याबाईच्या तोंडी. मी तीन थर मांडले. दरबारात आणि कागदावर जुनी लेखी मराठी, ‘आम्हांस’, ‘सरकारस्वारी’, फारसी शब्द भरपूर. माहूत, शिपाई यांची हिंदी, कारण हे शहर दोन्ही भाषांत नांदत आलं आहे. आणि घरात, चुलीजवळ, नागपुरी. म्हणजे नायकच दिवसा दफ्तरात एक भाषा लिहितो आणि रात्री बायकोला म्हणतो, “आज हत्तीची गिनती केली. बारा होते. मले रडू येऊन राह्यलं होतं, पन लिहा लागते नं बाप्पा.” हा प्रवेश ऐकून बैठकीत दोघं हसले. “सर, कॉमेडी होतंय.” मी म्हटलं, या बोलीत कुणी रडलेलं तुम्ही पडद्यावर कधी ऐकलंच नाही, म्हणून हसू येतंय. एकदा रडू तर द्या.

नट साताऱ्याकडचा. उमरेडला माझी मावशी आहे, तिचं दोन तासांचं बोलणं मी फोनवर रेकॉर्ड करून त्याला पाठवलं. विषय होता शेजाऱ्याने तोडलेलं कडुलिंबाचं झाड. तो ते गाडीत ऐकायचा. शब्दांपेक्षा त्याने हेल पकडला, वाक्याच्या शेवटी ‘नं’वर टेकायची लकब पकडली. हत्तींचा तो प्रवेश झाला तेव्हा फ्लोअरवर कुणी हसलं नाही. प्रक्षेपणात त्यातलं ‘राह्यलं’ डबिंग करून ‘येत होतं’ केलेलं निघालं. कुणी केलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या आठवड्यापासून मात्र कुणी हात लावला नाही, कारण अकोला-अमरावतीकडून येणारी पत्रं आणि संदेश चॅनललाच दाखवायला उपयोगी पडू लागले.

आता दिव्याची गोष्ट. दीडशेव्या भागाच्या आसपास प्रेक्षकसंख्येचे आकडे खाली आले आणि बैठकीत ‘हाय पॉइंट’ मागितला गेला. क्रिएटिव्ह हेडनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: आग. त्यांची मांडणी सरळ होती. राणी वाडा पेटवायची धमकी देते, वाडा शेवटी जळतोच. मग पेटवणारी तीच. मी म्हटलं, बाकाबाई १८५८ मध्ये वारली, आग १८६४ ची आहे. “सहा वर्षं कोण मोजतं?”

“आपला नायक मोजणारा माणूस आहे, सर.”

पहिला खर्डा पटकथाकाराचा: राणी पडद्याला मशाल लावते, नायिका विझवते. दुसरा माझा: पडद्याआडून नुसता आवाज, कादंबरीत आहे तसा. चॅनलने दुसरा नाकारला, ताईंनी पहिला. करारात ‘सल्ला’ होता, म्हणून ताईंना नकाराचा अधिकार नव्हताच. पण त्यांनी फोनवर कलम ५७ चा नुसता उल्लेख केला आणि निर्माते सावध झाले. तिसरा खर्डा मी एका रात्रीत लिहिला आणि सकाळी धंतोलीत जाऊन ताईंना वाचून दाखवला.

त्यात असं आहे. सामान निघालंय. बाकाबाई दिवा मागवते. पहिल्यांदाच पडद्याबाहेर येते, हातात समई नाही, साधा पितळी दिवा, आणि म्हणते की या उंबऱ्याबाहेर एक पाट जरी गेला तरी हा दिवा मी छताला लावीन. सगळे थिजतात. इंग्रज अंमलदार कारकुनाला विचारतो: दिवा दौलतीचा की खासगीतला? हा प्रश्न मी हवेतून काढला नव्हता. वाड्यातलं काय राज्याचं आणि काय घराण्याचं, यावरच तेव्हा सगळा झगडा होता. कारकुनाचा बोरू थांबतो. तो ‘खासगी’ म्हणाला तर दिवा तिच्या हातात राहतो आणि पुढचं तिच्यावर. ‘दौलतीचा’ म्हणाला तर तिच्या हातून काढून घ्यावा लागेल. तो बोलतच नाही. बराच वेळ जातो. मग राणीच म्हणते, “लिही. दौलतीचा.” आणि दिवा कोनाड्यात ठेवून आत जाते. कारकून लिहितो: दिवा, पितळी, एक.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे बाबांनी लिहिलेलं नाही.” मी म्हटलं, नाही. “पण सत्तावन्नची बाकाबाई यात दिसते.” तेवढंच. त्यांनी कागदावर सही केली, तशी गरज नव्हती तरी. मला विचाराल तर कादंबरीशी सगळ्यात इमानदार प्रवेश हाच, आणि त्यातली एक ओळही कादंबरीत नाही.

प्रवेश जसा लिहिला तसाच चित्रित झाला. वयस्कर अभिनेत्रीने ‘लिही’ हा शब्द एवढा हळू उच्चारला की ध्वनिमुद्रकाने पुन्हा मागितला; दिग्दर्शकाने दिला नाही. घोळ झाला तो प्रोमोत. चॅनलच्या प्रोमो विभागाने त्याच दिव्याचा क्लोजअप घेऊन मागे संगणकावर ज्वाळा चढवल्या आणि वर अक्षरं टाकली, ‘वाडा पेटणार?’ आठवडाभर तेच चाललं. भागात वाडा पेटला नाही. प्रेक्षक चिडले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. पुढच्या महिन्यात वेळ सातवरून साडेसहाला आली, आणि २६० च्या ऐवजी १९२ भागांत मालिका आटोपली. कादंबरीतली आगीची वीस पानं चाळीस सेकंदांच्या निवेदनात गेली, नगारखान्याच्या त्या मे महिन्यातल्या दृश्यावर.

माझी एक चूक मला अजून सलते. आग आणि बोली यांवर भांडताना इंग्रजांकडे माझं लक्षच गेलं नाही. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कर्नल लो याने खालसा करण्याला विरोध नोंदवला होता. रेसिडेंट मॅन्सेललाही दत्तकाचा रस्ता मान्य होता. कादंबरीत या दोघांवर एक फार चांगलं प्रकरण आहे. मालिकेत सगळे साहेब मिळून एकच साहेब झाला, मिशीवाला, मोडकं हिंदी बोलणारा. त्याचे संवादही मीच लिहिलेत.

मालिका संपल्यावर प्रकाशकाने कादंबरीची नवी आवृत्ती काढली. मुखपृष्ठावर प्रोमोतलं चित्र: म्हातारी, दिवा, मागे ज्वाळा. ताईंना प्रती घरपोच आल्या. मी गेलो तेव्हा त्या जेवणाच्या टेबलावर बसून एकेका प्रतीला खाकी कव्हर घालत होत्या, शाळेच्या वह्यांना घालतात तसं. दहा प्रती होत्या. सात झाल्या होत्या. उरलेल्या तीन त्यांनी माझ्याकडे सरकवल्या.